मनोरमाची अकरा सेकंदं

नणंद शोभना कॅलिफोर्नियाहून घरी पोचेपर्यंत मालिनीने बेसमेंटमध्ये तीन चकरा मारल्या होत्या. तिन्ही वेळा तिने तो पत्र्याचा डबा उचलला, झाकण न उघडता तसाच धरून ठेवला आणि परत प्रोजेक्टरशेजारी ठेवून दिला. डबा ताटलीएवढा, कडेने गंजलेला. झाकणावर सासऱ्यांच्या, नानांच्या अक्षरात एक साल होतं, १९५२.

उद्या रविवारी नानांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. त्यासाठी हर्नडनच्या कम्युनिटी सेंटरचा हॉल घेतला होता. ऐंशी माणसं येणार होती आणि मालिनीच्या नवऱ्याने, उल्हासने सगळ्यांना ईमेल करून कळवलं होतं, की पूजेनंतर नानांनी केनियाच्या सरकारी फिल्म खात्यात असताना केलेली एक फिल्म दाखवू. शोभना मात्र ती ऐंशी माणसांत बसून बघणार नव्हती. म्हणून तर ती एक दिवस आधी आली होती.

शोभना पंचावन्न वर्षांची होती आणि तिला आपल्या आईचा चेहरा माहीत नव्हता. ती दीड वर्षाची असताना मनोरमा नैरोबीत न्यूमोनियाने गेली. लहानग्या शोभनाला पुण्याला मावशीकडे पाठवलं. सहा वर्षांचा उल्हास वडिलांजवळ राहिला. पुढे नैरोबी सोडताना फोटोंची पेटी मोंबासाच्या बंदरावर हरवली, ती हरवलीच. उरला एक ग्रुप फोटो. त्यात मनोरमाच्या तोंडावर पुढे बसलेल्या कुणाच्या तरी टोपीची सावली पडली होती. आणि उरला हा डबा. नाना म्हणायचे, "मनोरमा यात आहे. चालती-बोलती." पण तो बघायला प्रोजेक्टर नव्हता, आणि प्रोजेक्टर आणायला आजवर कुणाला सवड नव्हती.

"वहिनी, थालीपीठ झकास झालंय," शोभना म्हणाली. "पण तू खात का नाहीयेस?"

"खाते ना. तुम्ही घ्या, ताई. लोणी घ्या."

"तुझा चेहरा असा का गं? उद्याचं टेन्शन?"

"हो, उद्याचंच," मालिनी म्हणाली आणि उगाचच तव्याकडे वळली.

टेन्शन जुलैतलं होतं. दर जुलैत मालिनी घरातलं सगळं डेकवर काढून त्याला उन्हं दाखवायची. रेशमी साड्या, गोधड्या, मिरच्या, चिंच. या वर्षी नानांची ट्रंकही तिने उघडली होती. डबा उघडल्यावर आंबट वास आला, व्हिनेगरसारखा. दमट जागेत राहून खराब होतंय, असं तिला वाटलं. चिंचेला बुरशी येऊ नये म्हणून जे करतात तेच तिने केलं. फिल्म सैल करून स्टीलच्या परातीत पसरली आणि व्हर्जिनियाच्या कडक उन्हात तीन दिवस ठेवली. तिसऱ्या दिवशी फिल्मच्या कडा पापडासारख्या वळल्या होत्या. तिने ती गुंडाळून डब्यात घातली आणि दोन महिने त्याबद्दल कुणाशी काही बोलली नाही.

*

बेसमेंटच्या छोट्या खिडकीला उल्हास-मालिनीच्या मुलाने, केदारने टॉवेल लावला. प्रोजेक्टर त्यानेच इंटरनेटवर शोधून, सेकंडहँड मागवला होता. नाना आरामखुर्चीत बसले होते. एक्याऐंशीव्या वर्षी त्यांची कमाल अशी, की पाठ ताठ होती. फक्त नजरेच्या मधोमध डाग पडला होता. समोरचं दिसत नसे, कडेकडेचं दिसे.

"नाना, तुम्ही बघणार कसं?" उल्हासने विचारलं.

"मान वळवून. कोंबडीसारखं," नाना म्हणाले. त्यांच्या पायाशी बसलेली केदारची आठ वर्षांची सई फसकन हसली.

उल्हासचं लक्ष बहिणीकडे होतं. ती पडद्याच्या सगळ्यांत जवळ बसली होती. पर्स मांडीवर घट्ट धरून. इंटरव्ह्यूला बोलावलेल्या उमेदवारासारखी. त्याला पुण्यातली एक दुपार आठवली. तो सुट्टीत भारतात आला होता, ती बारा वर्षांची होती, आणि त्याने मोठ्या उत्साहाने सांगायला घेतलं होतं, "आई ना, आपल्याला..." पुढचं ऐकायच्या आत ती उठून खोलीबाहेर गेली होती. मावशी म्हणाली, "नको रे तिच्यापुढे आईचं काढूस. तुझ्याकडे आहे, तिच्याकडे नाही." तेव्हापासून त्याने आईचं कधीच काढलं नव्हतं. इतकं, की हळूहळू त्याच्याकडचंही पुसट झालं होतं.

"रेडी?" केदार म्हणाला. "स्टार्ट करतोय."

मशीन घरघरलं. पडद्यावर पांढरा चौकोन आला, मग त्यात काहीतरी करडं थरथरलं. एक झाड? माणसं? चित्र उड्या मारत होतं. घरघरीत एक कट-कट-कट आवाज मिसळला.

"बंद कर!" नाना ओरडले. घरात कुणी त्यांचा इतका मोठा आवाज ऐकला नव्हता. "केदार, बंद कर! मशीनचे दात भोकात बसत नाहीयेत, फाडतंय ते!"

केदारने बटण दाबेपर्यंत फिल्म तुटली होती. प्रोजेक्टरच्या पोटातून दोन हात लांब वेटोळं बाहेर लोंबत होतं.

कुणी दिवा लावला. शोभना हलली नव्हती.

"झालं?" ती म्हणाली. "एवढंच?"

"आत्या, आय अ‍ॅम सो सॉरी," केदार म्हणाला. "मी बाबांना म्हटलं होतं, आधी लॅबला पाठवू. फिल्म श्रिंक झालीये."

"म्हटलं होतंस?" शोभना भावाकडे वळली. "मग का नाही पाठवली? तीन वर्षं डबा तुझ्या घरात आहे, दादा."

"वेळ नव्हता गं. उद्याच्या प्रोग्रॅमच्या आत..."

"प्रोग्रॅम! तुझ्या ऐंशी पाहुण्यांना दाखवायला घाई. आई तुझ्या वाट्याला आली. नाना तुझ्या वाट्याला आले. हा एक डबा होता, तोही तुझ्याकडेच. मला बघायला मिळणार ती ही... ही चिंधी!"

 उल्हासला वाटलं, बरोबर बोलतेय.

मालिनीने ओढणीचं टोक हाताला गुंडाळलं, सोडलं. नवऱ्याला बोलणी खाताना बघणं सोपं होतं. तो कधी उलटून बोलायचा नाही, थोड्या वेळात सगळं शांत झालं असतं. तेच तिला सहन झालं नाही.

"ताई, ह्यांना नका बोलू," ती म्हणाली. "मी केलंय ते."

"काय?"

"वास येत होता हो. आंबट. मला वाटलं, ओल लागलीये. मी... मी डेकवर वाळवण घातलं तिचं. तीन दिवस. परातीत."

क्षणभर कुणालाच कळेना. मग सई उभी राहिली.

"आणि मी गार्ड केली! आजीने मला सांगितलं, खारी येतील, बघ. एक पण स्क्विरल नाही आला. नॉट वन!"

केदारने तोंडावर हात धरला. हसू आवरायला की आणखी कशाला, ते त्यालाच माहीत. शोभना मालिनीकडे बघत राहिली.  ती उठली आणि जिन्याकडे निघाली.

"शोभना, बस," नाना म्हणाले.

"नाना, मला नाही आत्ता..."

"बस. मला ती फिल्म हातात दे. तूच दे."

*

शोभनाने रीळ त्यांच्या हातात दिलं आणि जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली. नानांनी खिशातला रुमाल हाताला गुंडाळला आणि तुटलेलं टोक नाकाशी नेलं.

"मालिनी, इकडे ये. हा वास तुझ्या उन्हाचा नाही. ही फिल्म दहा-वीस वर्षांपासून आतून आंबतेय. ट्रंकेत ठेवली ती मी, लॅबला दिली नाही ती मी. तू उन्हात घातलीस त्याने वाकली, ते खरं. पण वाचवायला घातलीस. फेकली असतीस तर?"

मालिनीला मान वर करता येईना.

"सई, सांग बघू," नाना म्हणाले, "फिल्म म्हणजे काय?"

"मूव्ही."

"चूक. फिल्म म्हणजे फोटो. एकापुढे एक, ओळीने उभे केलेले. शाळेच्या रांगेसारखे. मशीन त्यांना पळवतं म्हणून आपल्याला वाटतं माणूस हलला. मशीन नसेल तर काय करायचं?"

सईने विचार केला. "वन बाय वन बघायचे?"

"शाब्बास. आम्ही खात्यात तेच करायचो. मी फिल्म कापायचो आणि जोडायचो. सहा वर्षं. उल्हास, ते काचेचं टेबल आण. खाली दिवा ठेव, वर पांढरा कागद. माझं भिंग कुठाय?"

टेबल आलं. नाना डोळे मिटून फिल्मच्या कडेवरून अंगठा फिरवू लागले. रीळ हळूहळू उलगडत होतं, सईच्या हातातल्या स्वच्छ चादरीवर जमत होतं.

"काय शोधताय, नाना?" केदारने विचारलं.

"सांधे. जोडलं तिथे फिल्म जाड होते. ही फिल्म कशावर आहे माहितीये? मचाकोस नावाच्या गावी सरकारने बाळं वजन करायचा दिवस ठेवला होता. आयांनी बाळं आणायची, नर्स वजन करणार, आणि आम्ही ते चित्रित करून गावोगाव व्हॅनमधून दाखवणार. म्हणजे लोकांना कळावं की सरकार किती चांगलं आहे."

"वॉज इट गुड?" सईने विचारलं.

"बाळांचं वजन करणं चांगलं होतं. बाकी..." नानांचा अंगठा पुढे सरकला. "बाकीचं तू मोठी झालीस की सांगेन. लोकांच्या जमिनी गेलेल्या होत्या, त्या कुठल्याही फिल्ममध्ये आम्ही दाखवल्या नाहीत. तीन सांधे... हा चौथा. आमच्या साहेबाचा एक नियम होता. म्हणायचा, गावातल्या माणसांना भराभर बदलणारी चित्रं कळत नाहीत. प्रत्येक चित्र लांबच लांब ठेवा. त्यांना सगळं कळायचं गं! साहेबाची मिशी कुठे कापलीये तेही कळायचं. पण हुकूम म्हणजे हुकूम. म्हणून मनोरमाचं चित्रही अकरा सेकंदं आहे. नाहीतर तीन असतं."

शोभना पायरीवरून उठून टेबलापाशी आली होती. ती केव्हा आली ते कुणाच्या लक्षात आलं नाही. "आई तिथे कशी?" तिने विचारलं.

"तुला घेऊन आली होती. तुझंही वजन करायला."

शोभनाने टेबलाची कड धरली.

"मी आहे यात?"

"कडेवर. नऊ महिन्यांची. साहेबाने ते चित्र काढून टाकायला लावलं. म्हणे, ही इंडियन बाई कशाला? आणि कॅमेऱ्यात का बघतेय? मी कापलं आणि टोपलीत टाकलं. मला नोकरी हवी होती." नानांचा अंगठा थांबला, मागे गेला, परत पुढे आला. "पाचवा. दुसऱ्या दिवशी मुतुआ आला. मुतुआ म्हणजे आमचा बोलणारा. आमच्या फिल्मला आवाज नसायचा. पडद्याशेजारी माणूस उभा राहायचा माइक घेऊन, आणि लोकांच्या भाषेत सांगायचा, हे काय चाललंय. मुतुआने तो तुकडा टोपलीतून उचलून, वर्तमानपत्रात गुंडाळून घरी नेला होता. माझ्यासमोर ठेवला. म्हणाला, ही माझी शेमेजी आहे. शेमेजी म्हणजे वहिनी. म्हणाला, व्हॅनमधली कॉपी कोण तपासतो? लाव परत. मी लावला. वर्षभर मुतुआ गावोगाव सांगायचा, ही माझी वहिनी, समुद्रापलीकडून आलीये, तीसुद्धा बाळाला घेऊन आली, मग तुम्हाला लाज नाही वाटत? आणि लोक हसायचे. मनोरमा गेली, त्यानंतरही गावांत ती हसतच होती."

"मग मुतुआ?" उल्हासने विचारलं. हे त्यानेही कधी ऐकलं नव्हतं.

"बावन्नच्या शेवटी केनियात इंग्रजांविरुद्ध गडबड सुरू झाली होती. पुढे एके दिवशी सरकारने त्याला कैद्यांच्या कॅम्पात नेलं. मी विचारायला गेलो, दोनदा. तिसऱ्यांदा गेलो नाही, घाबरलो. त्याचे आभार मानायचे राहून गेले." नानांनी रुमालाच्या हातात फिल्म उचलून धरली. "सहावा. आणि हा सातवा. हा मी जोडलेला आहे. जरा वाकडा आहे, हात कापत होता माझा. केदार, इथून पुढे साडेचार फूट. एकशे शहात्तर फोटो. तुझा तो डिजिटल कॅमेरा आण."

*

कामाला दोन तास लागले. कॅमेरा स्टँडवर तोंड खाली करून लावला. फिल्म वाकडी होती, सपाट राहीना. मालिनी वर गेली आणि दिवाणखान्यातल्या फोटोफ्रेमची काच काढून, पुसून घेऊन आली. ती काच वर ठेवली की कडा बसत. काच उचलायची, फिल्म एक घर पुढे, काच खाली, क्लिक. फिल्म पुढे ओढायचं काम नानांनी शोभनाला दिलं.

"मला नाही जमणार. तुटली तर?"

"तुटली तर जोडू. तुझी आई आहे, तूच ओढ."

पहिल्या घरात भिंगाखाली एक बाई दिसली. नखाएवढी. नऊवारी नाही, साधी पाचवारी, कपाळावर मोठं कुंकू. सावली नाही. शोभना भिंगावर वाकून राहिली. कुणी घाई केली नाही.

"नाक माझं आहे," ती शेवटी म्हणाली.

"तुमचंच आहे, ताई," मालिनी म्हणाली. "मी काच उचलू?"

"थांब जरा." मग थोड्या वेळाने, "हं. उचल."

सई आकडे म्हणत होती. थर्टी वन, थर्टी टू. चाळीसनंतर ती मराठीत म्हणू लागली, कारण नाना म्हणाले, इंग्रजी आकड्यांनी पणजी येणार नाही. एकोणपन्नासला अडली, एकोणसाठला पुन्हा अडली, सगळे मिळून सांगत होते. साठाव्या घरात मनोरमाची मान वळली होती. ऐंशीव्यात ती थेट समोर बघत होती. शोभना दर घराशी थांबायची. मालिनीचे हात काच धरून धरून भरून आले. तिने बदलायला कुणाला दिली नाही.

शंभरीच्या पुढे कधीतरी शोभना मान वर न करता म्हणाली, "वहिनी, प्रोजेक्टर चालला असता ना, तर अकरा सेकंदांत संपलं असतं. मी डोळे पुसेपर्यंत."

 काचेवर एक थेंब पडला, तो मालिनीने पदर नव्हता म्हणून ओढणीने पुसला.

"उन्हात परत ठेवू नकोस म्हणजे झालं," शोभना म्हणाली, आणि दोघी एकदम हसल्या. काच हलली, एकशे सातवा फोटो दोनदा काढावा लागला.

*

जेवणं राहिली होती. तीन वाजता केदारने सगळे फोटो लॅपटॉपवर ओळीने लावले. "बटण सई दाबेल," तो म्हणाला. "हा अ‍ॅरो. दाबून धरायचा. सोडायचा नाही."

नाना लॅपटॉपच्या बाजूला, मान वळवून बसले. शोभना मध्ये. उल्हास सगळ्यांच्या मागे उभा राहिला.

सईने बटण दाबलं.

मनोरमा हलली. थोडी झटके देत, जुन्या घड्याळाच्या काट्यासारखी, पण हलली. तिने कडेवरचं बाळ वर सरकवलं. डोक्यावरून घसरणारा पदर दाताने धरला. मग कॅमेऱ्याकडे वळली, पदर सुटला आणि तिचे ओठ हलू लागले. तीच तीच काहीतरी वाक्यं. बाळाने हात वर केला, बोट बाहेर काढलं, कॅमेऱ्याच्या जरा उजवीकडे दाखवलं. मनोरमा हसली. संपलं.

"अगेन?" सईने विचारलं.

"अगेन," शोभना म्हणाली.

चौथ्या वेळी तिने विचारलं, "नाना, काय म्हणतेय ती?"

"मला ऐकू नाही आलं गं. मी कॅमेऱ्यामागे फूट मोजत होतो. आणि आता ओठही दिसत नाहीत मला." नानांनी मान आणखी वळवली. "पण कॅमेऱ्याच्या उजवीकडे कोण उभं होतं, ते मला माहितीये. सहा वर्षांचं होतं. तोंडं वेडावत होतं."

सगळ्यांनी मागे पाहिलं.

 त्रेचाळीस वर्षं न काढलेली गोष्ट अशी एकदम निघत नाही. "शोभे," उल्हास म्हणाला, "तुला नको असेल तर..."

"दादा, मी बारा वर्षांची होते तेव्हा."

"हो."

"आता सांग."

"सई, पहिल्यापासून लाव," नाना म्हणाले. "उल्हास, मागे नको. पडद्याच्या शेजारी उभा राहा. मुतुआ राहायचा तसा."

उल्हास टेबलाला वळसा घालून लॅपटॉपच्या शेजारी येऊन उभा राहिला. सईने बटण दाबून धरलं. मनोरमाने बाळ वर सरकवलं, पदर दातात धरला, वळली. आणि तिचे ओठ हलले तेव्हा उल्हास बोलू लागला. आवाज एकसष्ट वर्षांच्या माणसाचा होता, लय मात्र कुण्या बाईची, नैरोबीच्या कुठल्याशा अंगणातली.

"शोभूचा दादा कुठाय? कुठाय दादा? गेला का? पळाला का? शोभूचा दादा कुठाय?"

पडद्यावर बाळाने हात वर केला.

टेबलाशी बसलेल्या शोभनाचाही हात वर गेला. ते तिला कळलंही नसावं. बोट बाहेर आलं, जरा उजवीकडे वळलं आणि समोर उभ्या असलेल्या पांढऱ्या केसांच्या भावापाशी थांबलं.

"हा काय," ती म्हणाली.